गळ न टाकण्याचे महिने

‘मासेमारी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर धंदा उभा राहतो. होडी, जाळे, लिलाव, पाटी, बाजार. विकण्यासाठी नाही, पोटासाठीही नाही, तर केवळ वेळ आनंदात जावा म्हणून नदीकाठी गळ टाकून बसणे, याला आपल्याकडे वेगळा रुळलेला शब्द नाही. ‘हौशी मासेमारी’ हा अलीकडचा जोडशब्द. त्यामुळे हा प्रकार साहेबाने आणला असावा, असा समज सहज होतो. तो खरा नाही.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या सीमाभागातलेच गाव. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातल्या जुन्या मराठी पदांच्या उल्लेखामुळे माहीत असतो. ग्रंथाच्या पाच विंशतींपैकी चौथी विंशती राजाच्या करमणुकींची आहे आणि तिच्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्याय आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय चारावे, गळ आणि दोरी कशी असावी, हे सारे त्यात आले आहे. म्हणजे गोड्या पाण्यात गळ टाकण्याच्या छंदावर दख्खनमध्ये जवळपास नऊशे वर्षांपूर्वी लिहिले गेले. शब्दही तयार होता. मत्स्यविनोद. आपण तो वापरला नाही, इतकेच.

राजाच्या विनोदाला मर्यादा कोणी घालायची, हा प्रश्न त्या काळी नव्हता. आज तो आहे. ज्याचे पोट माशावर नाही, त्याने मासा कधी धरावा आणि कधी धरू नये? या लेखात मी त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या एका वर्षाच्या आधाराने मांडणार आहे. कुटुंब आमचेच. वर्ष गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंतचे, म्हणजे नोव्हेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५.

खाडीकाठचे लोक गोड्या पाण्याकडे

मानखुर्द हे खाडीचे गाव. पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला मंडाळे आणि तुर्भे. इथल्या कोळी वस्त्या शहराच्या कितीतरी आधीच्या. निवट्या, बोय, कोळंबी, चिंबोरी हे इथले धन. आता खाडीचे पाणी कसे झाले आहे ते वेगळे सांगायला नको. शिवाय जे उरले आहे ते कोळ्यांच्या हक्काचे आणि पोटाचे. तिथे हौसेने गळ टाकणे आमच्या घरात कोणालाच रुचले नाही.

गोड्या पाण्याकडे जाण्याची वाट रेल्वेने आणि सोयरिकीने दाखवली. कुर्ल्याला गाडी बदलली की बदलापूर, नेरळ, कर्जत. पत्नीचे माहेर कर्जत तालुक्यातले. सासूबाई आणि मेहुणे तिथे राहतात, आम्ही चौघे मानखुर्दला. मुलगी महाविद्यालयात, मुलगा नववीत. महिन्यातून एखादा रविवार सगळ्यांनी मिळून नदीवर काढायचा असे ठरले. वर्षभरात आम्ही चौदा वेळा गेलो. पाच वेळा रिकाम्या हाताने परतलो. मुलीने एका वहीत दर खेपेचा दिवस, पाण्याचा रंग, आमिष आणि मासा लिहून ठेवला. या लेखाचा कच्चा माल ती वही.

साहित्य साधे. दोन बांबूच्या काठ्या, एक बाजारातली रिळाची काठी, नायलॉनची दोरी, शिशाचे तुकडे, तरंगायला बुचाचा तुकडा. आमिष म्हणून गांडूळ, कणकेचा गोळा, कधी सोललेली कोळंबी. गळाबाबत एक नियम सुरुवातीलाच केला, लहान गळ घ्यायचाच नाही. मोठा गळ लहान तोंडात सहज जात नाही. मासा हाती येण्याआधीच निवड होते आणि बोटाएवढी पिल्ले पाण्यातच राहतात.

कार्तिक ते माघ: थंड पाण्याचा हिशेब

दिवाळीनंतर नदी निवळते. पावसाळ्यात पसरलेला मासा पात्रात परत येतो, पाणी उतरते, तळ दिसू लागतो. हौशी माणसासाठी हा वर्षाचा उत्तम काळ. पाण्यात खाद्य कमी होत जाते आणि मासा आमिषाकडे वळतो. उल्हास नदीवर या दिवसांत आम्हाला शिंगाळा, वांब आणि चिलापी मिळाली. एकदा हातभर मरळ लागली.

पौष-माघात मात्र पहाटे उठून गेलेल्याला बसून राहावे लागते. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाण्याचे तापमान उतरले की त्याच्या शरीराची भट्टी मंदावते, भूक कमी होते, हालचाल कमी होते. ऊन पाण्यात उतरेपर्यंत गळ हलत नाही. वहीत पौषातल्या दोन्ही खेपांना मासा लागल्याची वेळ दुपारी बारानंतरची आहे. याच्या उलट चैत्रात सकाळी आठनंतर काही लागले नाही. कारण तेच, फक्त उलट्या बाजूने. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला सुमारे साडेसात. मासा तेव्हा सावलीला आणि खोलीला जातो आणि पहाटे किंवा दिवेलागणीलाच बाहेर पडतो.

या नोंदींतून मुलांना जे कळले ते पाठ्यपुस्तकातही आहे. पण रिकाम्या हाताने घरी येताना ते जास्त नीट समजते.

चैत्र-वैशाख: उन्हाळ्यातले उसने पाणी

कोकणातल्या नद्या मुळात पावसाळी. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरून थोड्याच अंतरात खाडीला मिळणाऱ्या. वैशाखात त्यांच्या पात्रात धोंडे दिसावेत आणि अधूनमधून डोह राहावेत, हा निसर्गाचा नियम. मग कर्जत-बदलापूरची उल्हास नदी मे महिन्यात वाहते कशी?

उत्तर घाटावर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी मावळात धरणे बांधली आणि भीमेच्या खोऱ्यातले, म्हणजे एरवी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी, वीज तयार करण्यासाठी पश्चिमेकडे कोकणात उतरवले. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ चे, त्याचे पाणी पाताळगंगेत येते. भिवपुरीचे १९२२ चे, त्याचे पाणी उल्हासमध्ये. भिरा १९२७ चे, त्याचे पाणी कुंडलिकेत. त्या भिऱ्यासाठी लागणाऱ्या मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी केलेला सत्याग्रह वाचकांना माहीत आहेच. म्हणजे उन्हाळ्यात उल्हासच्या काठी आपण गळ टाकतो तो भीमेच्या उसन्या पाण्यात. केंद्रात वीज ज्या वेळी तयार होते त्यानुसार ते पाणी सुटते. कोरड्या दिवसांतही काठावर बसल्या बसल्या पाणी चढते. मुले बरोबर असताना हे लक्षात ठेवावे लागते.

ज्या ओढ्यांना असे उसने पाणी नाही, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे वैशाखात डोह तेवढे उरतात आणि साऱ्या ओढ्याचा मासा त्या दोन-चार डोहांत कोंडलेला असतो. गळ टाकायला याहून सोपी जागा नाही. सुरुंग आणि विष टाकणाऱ्यांनाही हेच ठाऊक असते. स्फोटकांनी किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले आहे. सव्वाशे वर्षांहून जुना हा कायदा ज्या गोष्टीसाठी करावा लागला ती आजही घडते.

हौशी माणूस सुरुंग लावत नाही. पण वैशाखातल्या डोहातला मासा हा पुढच्या वर्षीचे बियाणे आहे. पहिला पाऊस पडला की याच डोहांतून मासा वर आणि खाली पसरणार. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याची कणगी शेवटपर्यंत उघडत नाही. म्हणून आम्ही पहिला नियम केला, वाहत्या पाण्यातच गळ टाकायचा, तुटलेल्या डोहात नाही.

हा नियम आमच्या डोक्यातून निघालेला नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीच्या त्या डोहात महाशीर मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. माणसे त्यांना खायला घालतात, धरत नाहीत. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या कोंडातही तसेच. देवाचे म्हणून राखलेले हे डोह नेमके खोल, बारमाही पाण्याचे असतात. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी नदीच्या बियाण्याची कोठारे कुठे असतात हे त्या गावांनी अचूक ओळखले होते, एवढे नक्की.

मृगाचे पाणी आणि वलगण

आता या लेखाच्या गाभ्याशी येतो.

पहिल्या जोरदार पावसाने ओढ्याला तांबडे पाणी आले की मासा प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, तिथून भाताच्या खाचरात. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात, तळकोकणात आणि घाटमाथ्यावर हेच ‘चढणीचे मासे’. बांधाच्या तोंडाशी सापळा लावा, पाग टाका, नाहीतर नुसत्या हाताने धरा. पाटी भरते. सासूबाईंच्या लहानपणच्या सगळ्यात आनंदाच्या आठवणी वलगणीच्या आहेत. रात्री कंदील घेऊन सगळे घर शेतावर, आणि दुसऱ्या दिवशी गाभोळीने भरलेल्या माशांचे कालवण.

त्या कालवणातली गाभोळी हेच मासा चढण्याचे कारण. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे वर्षातून एकदाच, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. उथळ, नव्याने भिजलेल्या खाचरात खाद्य मुबलक असते आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. म्हणून मादी तिथे पोचण्याची धडपड करते. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीत साधारण दोन लाख अंडी असतात. ती चढताना धरली गेली तर एक मासा कमी होत नाही, एक पिढी कमी होते.

पुराची ही गरज किती पक्की आहे, याचा पुरावा आपल्या मत्स्यशेतीच्या इतिहासात आहे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. तळ्यात ते वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. म्हणून बीज नदीतून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावले. पुराने शरीरात जो बदल घडतो तो त्यांनी सुईने घडवला. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे. हौशी मासेमारीच्या दृष्टीने त्या तारखेचा आणखी एक अर्थ आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मासा अंडी घालण्याच्या अवस्थेत असतो.

इथे एक गैरसमज तपासून पाहायला हवा. श्रावणात मासे न खाण्याची आपली प्रथा माशांच्या विणीसाठीच घालून दिली आहे, असे आपण मोठ्या समाधानाने सांगतो. पंचांग आणि पाणी शेजारी ठेवून पाहिले तर हिशेब जुळत नाही. वलगण मृगात लागते, म्हणजे जूनच्या पूर्वार्धात. अंडी घालण्याचा जोर ज्येष्ठ-आषाढात. श्रावण सुरू होतो जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये. यंदा तो २५ जुलैला लागला. तोवर चढलेला मासा धरून, शिजवून, खाऊन झालेला असतो. उलट आषाढाच्या शेवटच्या दिवशी गटारीला मासळीची मागणी शिगेला पोचते. श्रावणाने माशाला विश्रांती मिळते हे खरे, पण ती मुख्यतः पिल्लांना. अंडी घालायला निघालेल्या मादीला श्रावण वाचवत नाही.

तिला वाचवणारे पंचांग आमच्या मानखुर्दच्या शेजारी होते. कोळ्यांचे. समुद्र खवळला की होड्या किनाऱ्याला ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच पुन्हा लोटायच्या. या रिवाजात ज्येष्ठ आणि आषाढ हे दोन्ही महिने पूर्ण येतात. सरकारने समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी घातली आहे, तिचा सांगाडाही हाच. समुद्राचा हा नियम गोड्या पाण्याला जितका लागू पडतो तितका श्रावण पडत नाही. म्हणून आम्ही दुसरा नियम केला, १ जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत गळ माळ्यावर.

नियम कागदावर नेटका होता. पण यंदाच्या पावसाने त्याची परीक्षा घेतली. मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला पोचतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजी पोचला, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. मेच्या त्या शेवटच्या आठवड्यात मेहुण्यांचा फोन आला की ओढ्याला तांबडे पाणी आले आहे आणि मासा चढतो आहे. मृग नक्षत्र लागायला अजून जवळपास दोन आठवडे होते. समुद्रातली बंदीही सुरू झाली नव्हती. तारखेप्रमाणे गेलो असतो तर ऐन वलगणीत गळ टाकायला आम्हाला मोकळीक होती.

तेव्हा आमच्या घरात जो वाद झाला तो इथे नोंदवतो, कारण या विषयातला खरा पेच त्यात आहे. मुलीचे म्हणणे, नियम पाण्याचा हवा, तारखेचा नको. तांबडे पाणी आले की बंदी सुरू. मुलाचे म्हणणे, सगळे गाव धरत असताना आपण दोन गळ न टाकल्याने काय वाचणार? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “आमच्याकडे वलगणीचा मासा नसता तर जूनमध्ये घरात खायला काय होतं रे बाळा?”

सासूबाईंचे म्हणणे बाजूला सारता येत नाही. कर्जतच्या डोंगरपट्ट्यातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर पावसाळ्याच्या तोंडाशी धान्य संपत आलेले असते, मजुरी नसते. ओढ्याचा मासा, खेकडे आणि रानभाजी हेच त्या दिवसांचे अन्न. त्यांना ‘विणीच्या काळात मासे धरू नका’ असे रविवारी मुंबईहून गेलेल्या माणसाने सांगणे शोभत नाही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वलगण खाल्ली आणि मासा टिकून होता. ओढे आटले ते भरावांनी, सांडपाण्याने, वाळूउपशाने, बारीक आसाच्या नायलॉन जाळ्यांनी आणि विषाने.

पण म्हणूनच फरक करावा लागतो. ज्याला मासा लागतो आणि ज्याला मासा आवडतो, या दोघांना एकच नियम लावता येत नाही. हौशी माणसाकडे एक चैन आहे, त्याला न धरणे परवडते. ही चैन त्याने वापरली नाही तर त्याच्या छंदाला छंद म्हणण्यात अर्थ नाही. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच. आपल्या दोन गळांनी ओढा वाचणार नाही हे मान्य. पण ज्याची गरज आहे त्याच्या वाट्यात गरज नसलेल्याने हात घालू नये, हे ओढा वाचण्या-न वाचण्यावर अवलंबून नाही. बंदी त्याच दिवशी सुरू झाली, २६ मे धरून.

मरळ आणि चिलापी

यंदा नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला होती. त्यानंतर गळ खाली काढला तरी एका माशाबाबत आम्ही भाद्रपदापर्यंत थांबलो. तो म्हणजे मरळ.

मरळ अंडी घालून निघून जात नाही. पाणवनस्पतीत जागा साफ करून अंडी राखते आणि पिल्ले झाल्यावर नर-मादी त्यांच्या खाली पहारा देत फिरतात. पिल्लांचा तांबूस थवा पाण्याच्या पृष्ठभागावर उकळी फुटल्यासारखा दिसतो. या काळात त्या थव्याजवळ काहीही पडले तरी मरळ त्यावर झेपावते. ती भूक नसते, राखण असते. अनुभवी गळकऱ्याला हे ठाऊक असते आणि त्यामुळेच ही मरळ धरायला सर्वांत सोपी. ती उचलली की थवा तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. तेव्हा तांबूस थवा दिसला की काठी आवरून पुढे जावे.

चिलापीची गोष्ट नेमकी उलटी. हा मूळचा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षात अनेकदा वितात आणि कसल्याही पाण्यात तगते. स्थानिक माशांची जागा आणि खाद्य ती बळकावते. चिलापी धरताना ऋतूचा विचार करण्याची गरज नाही आणि धरलेली परत सोडण्याचीही नाही. मुलांचा हात बसवायला याहून चांगला मासा नाही.

मुंबईत चिलापीसाठी हक्काचे पाणी म्हणजे पवई. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) यांच्यानंतर १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव त्या कामी फारसा उपयोगी पडला नाही आणि पुढे हौशी गळकऱ्यांचा झाला. महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही संस्था त्याच्याच काठी आहे. तुळशी-विहारचा परिसर राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षणाखाली असल्याने तिथे गळ टाकता येत नाही. पवईला मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसण्याची हौस करू नये. राज्यातल्या इतर जलाशयांवर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. पाणी सरकारी असले तरी त्यातला मासा कोणाच्या तरी भाकरीचा असतो. आधी विचारणे हा कायद्याचाही भाग आहे आणि रीतीचाही.

परत सोडण्याविषयी

हौशी मासेमारीत ‘धरा आणि सोडा’ हा मार्ग अलीकडे पुष्कळ सांगितला जातो. तो चांगला आहे, पण नुसते सोडणे पुरत नाही. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला बुरशी आणि जंतूंपासून वाचवतो. कोरड्या हाताने धरले किंवा वाळूत लोळवले की तो निघतो. सोडलेला मासा पोहत जातो, पण काही दिवसांनी मरतो. हात ओले करावेत, गळाचा काटा पकडीने दाबून बोथट करावा, फोटोसाठी मासा हवेत धरून ठेवू नये. त्याच्यासाठी तो श्वास कोंडणेच आहे.

चांगल्या हेतूनेही नुकसान कसे होते याचे एक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. १८२४ नंतर दख्खनमध्ये सांख्यिकीच्या कामावर असलेल्या कर्नल साइक्स यांनी इथल्या नद्यांतले मासे अभ्यासले आणि १८३९ मध्ये त्यांना शास्त्रीय नावे देताना मच्छीमारांच्या तोंडचे शब्द तसेच उचलले. खुद्री, कोळस, नुकता, शिंगाळा हे शब्द आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात आहेत. पुण्याच्या मुळा-मुठेतला महाशीर ‘टॉर खुद्री’ झाला तो असा. पुढे धरणांमुळे महाशीर घटू लागला तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्राने त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली. हे काम मोठेच. पण तिथले बीज दूर दक्षिणेत कावेरीतही सोडले गेले. तिथे आधीच एक वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता. आपल्या खुद्रीने तिथे जम बसवला आणि कावेरीचा मूळ मासा मागे हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून निश्चित व्हायला २०१८ साल उजाडले, तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. नदीत मासा सोडणे हे पुण्याचे काम खरे, पण कोणत्या नदीत कोणता, हे आधी विचारावे लागते.

वर्षाचा जमाखर्च

वही पुढे ठेवून पाहतो तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. ज्या महिन्यांत आम्ही गळ टाकला त्या पानांवर माशांची नावे आणि वेळा आहेत. ज्या महिन्यांत टाकला नाही त्या पानांवर कारणे आहेत, आणि या घराने पाण्याविषयी जे काही शिकले ते बहुतेक त्या पानांवर आहे. सासूबाईंची वलगण, कोळ्यांची नारळी पौर्णिमा, वाळण कोंडाची राखण हे सगळे एका कुटुंबाच्या कामाचे ज्ञान झाले ते ‘आज का जायचे नाही’ या प्रश्नामुळे. मानसोल्लासातल्या मत्स्यविनोदात मासा कसा धरावा हे आहे. त्यात भर घालायची असेल तर कधी धरू नये याची घालायला हवी, आणि ती घालण्याची सामग्री आपल्या गावोगावच्या बोलण्यात आहे. ती टिपून घ्यायला फार दिवस उरलेले नाहीत. वलगण हा शब्द माहीत असलेली आमच्या घरातली शेवटची पिढी सासूबाईंची होती. आता मुलांनाही तो माहीत आहे.

पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आहे. त्यामुळे नारळी पौर्णिमा थेट ऑगस्टच्या अखेरीस येते. तांबडे पाणी जूनच्या सुरुवातीला आले असे धरले तरी गळ जवळपास तीन महिने माळ्यावर राहील. मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर ते महिने आत्ताच आडव्या रेघा मारून बंद केले आहेत. सुरुवातीच्या तारखेची जागा मात्र त्याने कोरी ठेवली आहे. ती पाणी भरेल.